आंबिलीचं मडकं आणि माझे अठरा माणसांचे पाटे

मित्रांनो, माझा रंग तीनदा बदलला, हॉर्न दोनदा बदलला, पण जीप मी तीच आहे. अहमदपूर तालुक्यातल्या एका गावात, हरिओमच्या अंगणात मी उभी असते. वयाने जुनी आहे. पण माझी गोष्ट ऐकलीत तर मला कुणी म्हातारी म्हणणार नाही.

माझा जन्म दूरच्या कारखान्यात झाला. हरिओमचे वडील रामकिशन मला घेऊन आले, तेव्हा त्यांच्या बायकोने, केवळाबाईंनी, माझ्या चाकांवर पाणी घातलं आणि बॉनेटला कुंकू लावलं. पुढे कितीतरी वर्षं मी बाजारच्या दिवशी माणसं वाहिली. चाकांच्या वर एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या असतात, त्यांना पाटे म्हणतात. खड्डा आला की ते लवतात आणि धक्का पिऊन टाकतात. रामकिशननी माझ्या दोन्ही बाजूंना दोन-दोन पाटे जास्तीचे घातले. मग अठरा माणसं आत, टपावर पोती, तरी मी वाकत नसे. स्टँडवर लोक म्हणत, "रामकिशनची जीप म्हंजे खांब हाय खांब!" ते ऐकून माझं इंजिन उगाच जोरात धडधडायचं.

मग घरोघरी मोटारसायकली आल्या. रामकिशनही गेले. मी लिंबाखाली उभी राहिले. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. कोंबड्यांना मी आवडत होते, एवढंच समाधान.

त्याच काळात केवळाबाई ओसरीवरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. लातूरला ऑपरेशन झालं. काठी घेऊन त्या घरात चालू लागल्या, पण डॉक्टरांनी बजावलं, हादरे बसता कामा नयेत. शेताची वाट म्हणजे नुसत्या चाकोऱ्या आणि मधे कालव्याचा चिखल. बैलगाडी नको, ट्रॅक्टर नको, कार तर तिथे जातच नाही.

आमच्याकडे वेळ अमावस्येला सगळं गाव शेतात जेवायला जातं. कडब्याची खोप करतात, पूजा करतात आणि पिकावर ताक-ज्वारीची आंबील शिंपडतात. ती मडक्यातली आंबील वाटेत सांडू द्यायची नसते. त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा उरत नाही. दोन वर्षं केवळाबाई तेवढ्या मोठ्या रिकाम्या गावात एकट्या खाटेवर बसून होत्या. मी समोरच होते. त्यांनी दिवसभरात कुणाला हाक मारली नाही. मारणार तरी कुणाला?

यंदा हरिओम म्हणाला, "माय, तुला जीपमधी नेतो. बग तर खरं!"

त्याने कोंबड्या हाकलल्या, इंजिन नीट केलं आणि नांदेडहून चार रुंद, गुबगुबीत टायर आणले. अहाहा! मी तर नवरीसारखी दिसू लागले. हरिओमची छोटी सृष्टी टायरला मिठी मारायला गेली, तर तिचे हात पुरेनात.

केवळाबाई मात्र काठी टेकत आल्या आणि म्हणाल्या, "आधी मडकं न्या. गळ्यापतुर पानी भरा, सीटवर ठिवा, शेतात जाऊन या. मडक्याखालची कापडाची चुंबळ कोरडी राह्यली तर मी बसते. न्हाईतर उगं माह्यं हाड पुन्हा मोडू नका."

आठ दिवस आधी आम्ही निघालो. पहिल्याच चाकोरीत मी अशी उडाले की पाणी छताला लागलं. कालव्यापाशी तर काळी माती माझ्या रुंद टायरच्या खाचांत भरली, मडगार्डला जाऊन चिकटली, आणि चाकं फिरेनाशी झाली. शेजारचा रामलिंग बैल घेऊन आला तो हसतच.

"हरिओम, टायर लई भारी हायेत रे! पन माह्या बैलाचे खूर त्याच्यापेक्षा बारीक, आन ते चालून राह्यले!"

घरी चुंबळ पिळली तर तांब्याभर पाणी निघालं. केवळाबाईंनी ती वाळत घातली आणि त्या आत गेल्या. मित्रांनो, त्या दिवशी मला माझ्या नव्या टायरची लाज वाटली.

"अजून एक पाटा टाकतो," हरिओम कुरकुरला. "गाडी कडक पायजे."

त्याची बायको आरती म्हणाली, "अहो, तुम्हाला जीप पायजे का उखळ? आधी विरूपाक्षमामाला तर इचारू."

विरूपाक्ष हे अहमदपूरचे जुने मिस्त्री. त्यांनी दोन्ही हातांनी माझं मडगार्ड खाली दाबलं. मी हलले नाही. नेहमीप्रमाणे मला त्याचाही अभिमान वाटला.

"कितीजन बसनार हिच्यात?"

"आम्ही चौघं."

"आन पाटे अठरा मानसांचे! चौघं बसल्याचं हिला कळतच न्हाई, तर लवंल कामून?" मग आरतीकडे वळून ते म्हणाले, "पोरी, वाढवलेले पाटे काढावे लागतील. नवे शॉकअप टाकतो, म्हंजे पाटा लवल्यावर गाडी नाचत बसनार न्हाई. टायर अरुंद, उंच घ्या, नक्षी खोल आन दूरदूर. काळी माती कापून खालच्या घट्ट थराला धरंल आन चिखल फेकून दील. शेताच्या वाटंला लागलं की हवा जराशी कमी करा, डांबरीवर आलं की भरा."

हरिओमने माझ्या पाट्यांवरून हात फिरवला. "बाबांनी घातलेले पाटे हायेत ते," तो हळूच म्हणाला.

"त्यांनी अठरा मानसांसाठी घातले, बराबर केलं," विरूपाक्ष म्हणाले. "तुला एका मानसासाठी काढायचेत."

पाटे निघाले. गुबगुबीत टायर दुकानदाराने परत घेतले. मी बारीक पायांची झाले. पण पुढच्या खेपेला चाकोरी आली तेव्हा मी लवले! इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला रस्ता कळला. चुंबळ कोरडी आली. केवळाबाईंनी ती गालाला लावून पाहिली आणि एवढंच म्हणाल्या, "बसते मी."

वेळ अमावस्येला आरती स्टीअरिंगवर, शेजारी केवळाबाई, दोघींच्या मधे आंबिलीचं काठोकाठ मडकं. मागे हरिओम, सृष्टी आणि मिसळीच्या भाज्यांच्या भज्जीचं पातेलं. कालव्याचा चिखल मी कापत गेले. रामलिंग बैल धरून वाट बघत उभा होता, तो तसाच उभा राहिला! एक थेंब सांडला नाही, आणि केवळाबाई एकदाही कण्हल्या नाहीत.

शेतात पोचल्यावर त्या उतरल्या. हरभऱ्याकडे पाहिलं, मडक्याला हात घातला, आणि ते असं कललं की वाटीभर आंबील मातीत सांडली. सगळे माझ्याकडे बघू लागले.

"हे माह्या हातानं सांडलं," केवळाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "जीपला बोल लावायचा न्हाई, सांगून ठिवते!"

मग पिकावर शिंपडता शिंपडता त्यांनी माझ्या बॉनेटवरही थोडी आंबील शिंपडली.

मित्रांनो, गाडीला टायर घ्याल, पाटे घालाल, तेव्हा ती किती दणकट दिसते ते मागाहून बघा. आत कोण बसणार आहे, ते आधी विचारा. आणि आम्हां जुन्यांना कोंबड्यांवर सोपवू नका; अधूनमधून हवा बघा, ग्रीस भरा. बॉनेटवर आंबिलीचे पांढरे ठिपके अजून आहेत. सृष्टी फडकं घेऊन पुसायला आली होती. आरतीने तिला थांबवलं.