पटावर एकच नाव

आश्रमशाळेत मंजुळा वरठाच्या वर्गात पन्नास-पन्नास पोरं असायची. सात वर्षं तिनं पहिली-दुसरी सांभाळली. आखातातल्या मेसईदच्या कंपनी क्वार्टरमध्ये मात्र तिच्या पटावर एकच नाव होतं, चंदना. तिची स्वतःची मुलगी, वय वर्षं सहा.

नवरा देवराम खताच्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होता. नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात त्यानं दोघींना इकडं आणलं तोवर दोह्याच्या शाळेत पहिलीच्या जागा भरल्या होत्या. नाव प्रतीक्षा यादीत घातलं गेलं. "वर्ष वाया जायला नको, तू घरीच शिकव. तुझ्याहून चांगली बाई कोण मिळणार?" देवराम म्हणाला.

मग मंजुळानं शाळा मांडली. आठ वाजता ती उलथन्यानं ताटावर ठोके द्यायची. चंदना चटईवर ताठ बसायची. हजेरी व्हायची, पाढे व्हायचे, खजुराच्या बिया मांडून बेरीज-वजाबाकी व्हायची. बालभारतीचं पुस्तक दोन महिन्यांत संपलं. इंग्रजीचं पुस्तक शेजारच्या मुनीराच्या मुलीचं, जियाचं, गेल्या वर्षीचं.

परिसर अभ्यासाच्या तासाला मंजुळा पुस्तक मिटून ठेवायची आणि वारलीत बोलायची. धरतरी सगळ्यांची आई, हिरवा देव रानाचा, आणि कणसरी म्हणजे भातात राहते ती. नवं भात आधी तिला दाखवायचं, मग आपण खायचं. घरात देवाची तसबीर नव्हती. कपाटात, गावाहून आणलेल्या भाताच्या लोंब्यांची एक जुडी फडक्यात गुंडाळलेली होती, तेवढीच.

"आये, कणसरी इथं येते का?" चंदनानं एकदा विचारलं.

"भात असतं तिथं येते."

"मग तिला व्हिसा मिळाला नाही का?"

मंजुळा हसली. संध्याकाळी देवरामला सांगू म्हणून तिनं ते लक्षात ठेवलं. पण तो कामावरून आला, जेवला आणि टीव्हीपुढेच झोपला. सांगायचं राहून गेलं, तसं बरंच काही राहून जायचं. दिवसभरात तिच्याशी तिच्या भाषेत बोलणारं माणूस एकच होतं, सहा वर्षांचं.

आजूबाजूच्या बायका वाईट नव्हत्या. गणपतीला महाराष्ट्रातल्या कुटुंबांनी आग्रहानं बोलावलं. आरती झाली, प्रसाद झाला आणि एकीनं गोड आवाजात विचारलं, "तुमच्यात काय असतं हो?" मंजुळानं सांगायला सुरुवात केली, तोवर विचारणारीचं लक्ष दुसरीकडे गेलं. दापोलीची मुनीरा ईदला शिरखुर्मा घेऊन आली, तिनंही कपाटाकडं पाहून विचारलं, "अगो, तुमचा देव कुठला?" मंजुळा म्हणाली, "रानातला." मुनीरानं मान डोलावली आणि वाडगं तिच्या हातात ठेवलं.

चंदनाला शेजारचं एकच माणूस हवं होतं, जिया. जियाची बस सव्वासहाला जायची, दोनला यायची. दीड वाजल्यापासून चंदनाचं पाढ्यांतलं लक्ष उडायचं, नजर खिडकीकडं. पण जिया यायची ती डबा, होमवर्क, शिकवणी यांतच गुंतलेली. नोव्हेंबरात मुनीरानं जियाला आखूड झालेला गणवेश चंदनासाठी दिला. "ॲडमिशन झाली की लागेल, इन्शाल्ला." चंदना तो रोज कपाटातून काढून अंगाला लावून बघायची.

डिसेंबरातल्या एका शनिवारी देवराम पहाटेच्या पाळीला गेला आणि मंजुळा आंघोळीला शिरली. सात वाजता ती मुलीला उठवायला गेली तर अंथरूण रिकामं. मोरीत नाही, अंगणात नाही. कपाट उघडं होतं आणि गणवेश नव्हता.

ती अनवाणीच मुनीराकडं धावली. "चंदना आलीय का? तिचा गणवेशही घरात नाही."

"इथं? नाय गो!" मुनीरानं तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि थेट शाळेला फोन लावला. तिकडं शोधायला वीस मिनिटं लागली. मंजुळा दारातच उभी होती. मेसईद ते दोहा, मध्ये सगळं वाळवंट, आणि तिच्या डोळ्यांसमोर त्या रस्त्याकडेला एक लहानगं गणवेशातलं पोर दिसत होतं. शेवटी फोन वाजला.

"आहे!" मुनीरा ओरडली. "जियाच्या बसमधून गेली, पहिलीच्या वर्गात बसलीय. दोनच्या बसनं पाठवतायत."

मंजुळा खाली बसली. मुनीरानं चहा केला.

दोन वाजता बसमधून चंदना उतरली, मागोमाग एक बाई. वसईच्या लुसी टीचर, पहिलीच्या वर्गशिक्षिका. मंजुळानं मुलीला जवळ ओढलं, एक चापट मारली आणि मग घट्ट धरून ठेवलं.

घरात आल्यावर लुसी टीचर मराठीतच बोलू लागल्या. "मी हजेरी घेतली. हिचं नाव येईचना. शेवटी स्वतःच उभी राहिली आणि म्हणाली, चंदना देवराम वरठा, हजर. मी चकितच झाले. वाचते छान. तुम्ही शिकवलंत?"

"हो. मी शिक्षिका होते."

"मग एका तासाला मुलं दोन गटांत जातात. मुसलमान मुलांचा धर्माचा तास, बाकीच्यांना नीतिशिक्षण. ही मधेच उभी. म्हणाली, टीचर, कणसरीची रांग कुठली?" लुसी टीचर हसल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "हे नाव मी ऐकलंय. आमच्या वाडीत भाताच्या लावणीला विक्रमगडच्या बाया यायच्या. त्या गायच्या त्यात होतं."

"माझी आई यायची वसईला लावणीला," मंजुळा म्हणाली. "महिना महिना. कुणाच्या वाडीत, ते मला ठाऊक नाही."

लुसी टीचरचा चेहरा उतरला. "आम्ही त्यांना ओटीवर येऊ देत नव्हतो," त्या हळूच म्हणाल्या.

मंजुळानं पाण्याचा पेला पुढं केला. तो त्यांनी दोन्ही हातांनी घेतला. जाताना म्हणाल्या, जानेवारीत एक कुटुंब भारतात परत चाललंय, जागा रिकामी होईल, मी प्रिन्सिपॉलशी बोलते.

त्या गेल्यावर मंजुळानं मुलीला समोर बसवलं. "मला न सांगता का गेलीस?"

"तिथं सगळ्यांच्या बाजूला कुणीतरी बसतं," चंदना म्हणाली. "माझ्या बाजूला कुणी नसतं."

"मी असते ना."

"तू समोर असतेस."

मंजुळाला खोटं बोलवेना. "माझ्याही बाजूला कुणी नसतं गं," ती म्हणाली. चंदना उठली आणि आईच्या बाजूला सरकून बसली.

जागा मिळाली. अर्जात धर्माचा रकाना होता. देवराम म्हणाला, "हिंदू लिहितो, माझ्या शाळेच्या दाखल्यातही तेच आहे." मंजुळानं पेन त्याच्या हातात दिलं. लिहून झाल्यावर चंदनानं विचारलं, "शाळेत कणसरीचं सांगू?"

"कुणी विचारलं तर सांग."

"नाही विचारलं तर?"

मंजुळानं अर्जाची घडी करून तो पाकिटात घातला.

जानेवारीत, शाळेच्या पहिल्या दिवशी चंदना जियाचा हात धरून बसमध्ये चढली आणि मागं वळून पाहिलं नाही. मंजुळा घरी आली. तिनं कपडे धुतले, भाजी चिरली, चटई गुंडाळून ठेवली. अकरा वाजले तेव्हा तिच्या लक्षात आलं, बस गेल्यापासून आपण एक शब्द उच्चारलेला नाही.

दोनला ती बसथांब्यावर होती. चंदना उतरली ती जियाशी बोलतच, अर्धं इंग्रजीत. आईच्या हातात दप्तर देऊन ती म्हणाली, "आये, आम्ही झोपाळ्यावर जातो," आणि पळाली. रस्त्यापलीकडून त्यांचं हसणं ऐकू येत होतं. मंजुळा तिथंच थोडा वेळ थांबली. तिला बरं वाटत होतं, मुलीसाठी. मग दप्तर खांद्याला लावून ती एकटी क्वार्टरकडं निघाली.