सरांचं पांढरं फूल

पहाटे पाचला उठून फुलांना पिशव्या बांधणारा माणूस कधी पाहिलाय? मी आहे तो. वय बेचाळीस, धंदा दातांच्या कवळ्या करण्याचा, आणि या उन्हाळ्यापुरता माझ्या सासऱ्यांच्या हॉलीहॉकांचा बिनपगारी नोकर.

सासऱ्यांना मी सर म्हणतो. ते शाळेत चित्रकला शिकवायचे, अख्खा रस्ता त्यांना सर म्हणतो, आणि त्यांच्याच घरात राहणाऱ्या जावयाने वेगळं काही म्हणायचं म्हणजे उगाच शहाणपणा. बायको नर्स आहे. ती चार महिन्यांच्या प्रशिक्षणाला दुसऱ्या गावी गेली. जाताना म्हणाली, "बाबांची औषधं बघ, गॅस बंद केलाय का ते बघ, आणि फुलांचं ते सांगतील तसं कर." औषधं आणि गॅस मिळून दिवसाची पाच मिनिटं. बाकी माझा सगळा जीव फुलांनी खाल्ला.

सरांना पांढरा हॉलीहॉक हवा होता, म्हणजे उंच दांड्यावर जास्वंदीसारखी फुलं येणारं ते झाड. रोपवाटिकेत मिळतो तसला नव्हे, त्यात म्हणे मधोमध पिवळट झाक असते. ह्यांना पाकळीच्या बुडापासून टोकापर्यंत एकच पांढरा हवा, आणि त्याचं बी पेरलं की पुन्हा तोच यायला हवा. बारा वर्षं ते ह्याच्या मागे आहेत. हॉलीहॉक पेरल्यावर दुसऱ्या वर्षी फुलतो, म्हणजे बारा वर्षांत जेमतेम सहा प्रयत्न. आणि प्रत्येक वेळी आडव्या येतात मधमाश्या. शेजाऱ्यांच्या कुंपणाला गुलाबी हॉलीहॉकची रांग आहे. मधमाशी तिथे पिठात लोळल्यासारखी लोळते आणि तशीच उठून आमच्या पांढऱ्यावर येऊन बसते. झालं! त्या बियांतून पुढे काय उगवेल ते तिचं तिलाच ठाऊक.

म्हणून पिशव्या. कळी उद्या उमलेल असं वाटलं की संध्याकाळीच तिला मलमलची पिशवी घालायची आणि दोऱ्याने बांधायची. सकाळी मधमाश्या कामाला लागायच्या आत पिशवी सोडायची, एका फुलातला पराग ब्रशने उचलायचा, दुसऱ्याला लावायचा, पिशवी पुन्हा बांधायची. पाकळ्या गळून पडेपर्यंत रोज हेच. पूर्वी सर हे सगळं स्वतः करायचे. आता त्यांच्या डोळ्यांचा मागचा पडदा खराब झालाय. समोर बघितलं की मधला भाग पुसट होतो, कडेकडेचं तेवढं दिसतं. वर्षभरात फक्त उजेड आणि अंधार कळेल, असं डॉक्टरांनी सांगितलंय. म्हणजे यंदाचं बी हे सरांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघून निवडलेलं शेवटचं बी.

"एकदा हे बी हातात पडलं," ते मला म्हणाले, "की मग डोळे जाऊ देत खुशाल." आता ह्यावर माणूस नाही कसं म्हणणार, तुम्हीच सांगा.

शिवाय त्यांनी मला हरभऱ्याच्या झाडावरही चढवलं. "जावईबापू, तुमचा हात थरथरत नाही. आणि पांढऱ्यातला पांढरा तुमच्याइतका कोणाला कळतो?" हे मात्र खरं आहे. आमच्याकडे दातांच्या रंगांची पट्टी असते, त्यात सोळा पांढरे असतात. मी ते ट्यूबलाइटच्या उजेडातसुद्धा वेगळे सांगू शकतो.

एकंदर पाच झाडं. चार भिंतीलगत एका ओळीत, सरळसोट, माझ्या डोक्याच्या वर गेलेली. पाचवं मागे नळापाशी, कमरेतून वाकलेलं आणि उशिरा वाढलेलं. त्याला सर तिरपागडं म्हणायचे. "ह्याला पिशवी नको," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. "ज्याचा दांडा असा, त्याचं बी कोण ठेवणार? तेवढं एक मधमाश्यांना सोडा. त्यांनी तरी कुठे जायचं?"

मग सुरू झाली माझी शाळा. "घासताय काय? टेकवा नुसता ब्रश." "दोरा सैल आहे." "दोरा आवळलाय." मी पायजमा दवात भिजवून उभा, एका हातात ब्रश, दातांत दोरा, आणि हे मागे कमरेवर हात ठेवून. एकदा मी म्हणालो, "सर, मी तोंडात दोरा धरलाय, बोलू शकत नाही." ते म्हणाले, "त्याचा फायदाच आहे."

आठव्या दिवशी पहिली कळी पिशवीत उमलली. मी पिशवी सोडली. फूल गुलाबी होतं. फार नाही. हिरडीतून रक्त आल्यावर चूळ भरतात ना, त्या पाण्यासारखं. पण गुलाबी म्हणजे गुलाबीच. दोन वर्षांपूर्वी, ह्या झाडांचं बी धरलं तेव्हा, सरांची नजर अधू व्हायला लागली होती आणि पिशव्या तेच बांधत होते. कुठेतरी एक गाठ सैल राहिली असणार. मधमाश्यांनी तेव्हाच डाव साधला होता, आणि आम्ही आत्ता पहारा देत होतो.

सर पुढे आले. मान तिरकी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांनी फुलाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग त्यांचा चेहरा असा काही खुलला, की लग्नाला चौदा वर्षं झाली तरी मी तो तसा पाहिला नव्हता.

"पांढरं ना?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "पांढरं."

बस. एवढंच. तेवढं बोलायला मला कोणी सांगितलं नव्हतं. पण ते आधीच हसत होते हो! हसणाऱ्या माणसाला काय सांगायचं?

बायकोला फोन केला. ती म्हणाली, "बरं केलंस. मी आल्यावर बघू. तोवर काही बोलू नकोस, प्लीज."

"अगं, पण मी रोज पहाटे उठून गुलाबी फुलांचं गुलाबीपण जपतोय!"

"जप मग," ती म्हणाली. "तुला दुसरं काय काम आहे पहाटे?"

दुसरं काय काम! झोप हे काम नाही का? पण उठत राहिलो. हळूहळू चारही झाडं फुलली. दोन फिकट गुलाबी, एक जरा गडद, एकाच्या मध्यभागी लाल शिरा. सर रोज एकेका फुलापाशी मान तिरकी करून उभे राहायचे आणि म्हणायचे, "काय पांढरा आहे!" आणि मी म्हणायचो, "वा!" दिवसभर दवाखान्यात कवळ्या घासताना माझं डोकं फिरलेलं असायचं. एका बाईंची कवळी मी चक्क एक छटा पिवळी केली. दंतवैद्य म्हणाले, "तुमच्याकडून? ही चूक?" मी काय सांगणार, की मी घरी गुलाबीला पांढरं म्हणायची सवय लावून घेतलीय?

आणि मग तिरपागडं फुललं.

मी नळावर ब्रश धुवायला गेलो होतो. सहज वर बघितलं. वाकड्या दांड्यावर पाच-सहा फुलं, आणि काय सांगू, माझ्या पट्टीतल्या सोळांपैकी एकही पांढरा त्याच्या पासंगाला पुरला नसता. पिवळी झाक नाही, शीर नाही, काही नाही. सरांना बारा वर्षं जे हवं होतं ते तिथे नळापाशी उभं होतं, आणि प्रत्येक फुलात एकेक मधमाशी बूड वर करून शिरलेली.

मी तिथेच कचकचीत शिवी हासडली. पलीकडून सर म्हणाले, "काय झालं?"

"ब्रश पडला," मी म्हणालो.

खरं सांगून टाकायची तीच वेळ होती, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण सांगायचं म्हणजे मागचं सगळं सांगायचं. तेव्हा मी घातला दुसरा घोळ. ती उमललेली फुलं तर हातची गेलीच होती, दोन दिवसांत गळणारच. शेंड्यावर मात्र सात कळ्या शिल्लक होत्या, एकमेकींना इतक्या चिकटून की वेगवेगळ्या पिशव्या बसेनात. बायकोची जुनी ओढणी कापून मी एकच लांब पिशवी शिवली आणि अख्ख्या शेंड्यावर चढवली. आता मी पाचच्या ऐवजी साडेचारला उठायला लागलो. आधी चोरून तिरपागडं, मग सरांबरोबर ती चार बहुरूपी. बेत असा, की बी पिकलं की पुडीत तिरपागड्याचं भरायचं आणि सरांच्या हातात द्यायचं. खोट्याच्या पोटातून खरं काढायचं. मला तेव्हा हे फार हुशारीचं वाटलं होतं.

सगळं ठीक चाललं होतं. सातपैकी चार कळ्या आत उमलल्या, त्यांना ब्रश लागला. पहिल्या खोट्याला अठरा दिवस झाले होते, त्या सकाळी आम्ही भिंतीजवळची झाडं आटोपली. ऊन अंगणात उतरलं होतं. सर जागच्या जागी थांबले आणि त्यांनी कान टवकारले.

"तिरपागड्यावर आवाज का नाही?"

"अं?"

"मधमाश्यांचा. ह्या वेळेला तिकडे कल्ला असतो. तीन-चार दिवस झाले, मी ऐकतोय. काही नाही." आणि ते हात पुढे करत नळाकडे चालायलाच लागले. मी मागे धावलो, पण काय करणार, हाताला धरून ओढणार? त्यांनी दांडा चाचपला, वर वर गेले, आणि त्यांची बोटं ओढणीला लागली.

"ह्याला पिशवी कोणी घातली?"

"मी."

"मी नको म्हटलं होतं ना? इतकं साधं सांगितलेलं तुमच्या डोक्यात राहत नाही? वाकड्या झाडाचं बी जपून मला काय करायचंय? तिकडे माझी चार सरळ, पांढरीशुभ्र..."

"गुलाबी आहेत ती!" मी ओरडलो. खरंच ओरडलो, शेजाऱ्यांची खिडकी उघडली. "गुलाबी आहेत, सर! चारही! एकाला तर लाल शिरा आहेत! अठरा दिवस मी गुलाबी फुलांना ब्रश फिरवतोय, पहाटे उठून, पाय भिजवून! पांढरं फक्त हे एक आहे, आणि हेच तुम्ही मधमाश्यांना देऊन टाकलंत!"

सरांनी ओढणीवरचा हात काढला. ते नळाच्या कट्ट्यावर बसले. मला वाटलं आता शिव्या देतील, आणि देव शपथ सांगतो, त्यांनी दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"हिला माहीत आहे?" त्यांनी लेकीबद्दल विचारलं.

"हो."

"अच्छा." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "तुम्हाला वाटलं असेल, मी तुमच्या शब्दावर विश्वास ठेवला. तसं नव्हतं हो. मी स्वतः बघितलं होतं. मला पांढरंच दिसलं." मग म्हणाले, "पस्तीस वर्षं पोरांना रंग शिकवले. मला वाटत होतं अजून वर्ष आहे हातात."

मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो. मला लाज वाटत होती, आणि खोटं कशाला सांगू, रागही आला होता, त्यांचा, बायकोचा, स्वतःचा, त्या वाकड्या दांड्याचा.

"सोडा पिशवी," ते म्हणाले.

"सर, आता नको. ऊन आलंय, मधमाश्या सुटल्यात. एकच पिशवी आहे सगळ्यांना मिळून. उघडली तर सगळं बी..."

"सोडा म्हटलं ना."

मी सोडली. चार फुलं एकदम मोकळी झाली. सरांनी डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, अगदी नाक लागेल इतकं जवळून बघितलं. मग मागे वळून भिंतीकडच्या झाडांकडे मान तिरकी केली.

"मला तेही पांढरं दिसतं आणि हेही," ते म्हणाले.

"हे खरंच पांढरं आहे, सर. शप्पथ. माझ्या आयुष्यात असा पांढरा मी पाहिला नाही."

"त्या दिवशीही तुम्ही असंच म्हणालात."

ते रागाने म्हणाले नाहीत, एखादी गोष्ट आठवून सांगावी तसं म्हणाले.

कुंपणापलीकडच्या रस्त्यावरून एक बाई चालल्या होत्या, पायात चालायचे बूट, कपाळावर घाम. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, सरांनीही नसणार. पावलांच्या आवाजाच्या दिशेने सरांनी हात वर केला.

"अहो ताई, जरा थांबता का? एक मदत हवी होती."

बाई कुंपणापाशी आल्या. "बोला ना, आजोबा."

"हे फूल कोणत्या रंगाचं आहे?"

बाईंनी आधी माझ्याकडे बघितलं. घरातला डोळस माणूस शेजारी उभा असताना आपल्याला का विचारतात, असं त्यांना वाटलं असणार. मी खाली बघितलं.

"पांढरं," त्या म्हणाल्या.

"नीट बघा. कुठे गुलाबी, पिवळं, शिरा वगैरे?"

"नाही हो. स्वच्छ पांढरं आहे. फार सुंदर आहे."

सरांनी एवढा मोठा श्वास सोडला, की त्यांचे खांदे हलले. त्यांनी फुलाच्या देठाखाली हात धरला, हळूच, हात लावायचीही भीती वाटावी तसा. आणि तेवढ्यात शेजारच्या कुंपणावरून एक मधमाशी आली, मागच्या दोन्ही पायांना पराग लागलेली. तिने एक घिरटी घातली.

"सर, हात काढा, मला बांधू द्या," मी म्हणालो. "मधमाशी आलीये."

सरांनी हात काढला नाही. त्यांनी तोंड कुंपणाकडे वळवलं.

"आलीये का हो?" त्यांनी बाईंना विचारलं.