कारण: निष्काळजीपणा

आमच्या जळीत वॉर्डाच्या नोंदवहीत शेवटचे दोन रकाने महत्त्वाचे: कारण आणि निष्पत्ती. वही भरणारा कारकून मी; निष्पत्तीसाठी मला तीन शब्द दिलेत. बरा, मयत, आणि ‘नातेवाइकांच्या इच्छेने घरी’, म्हणजे मयतच, फक्त आमच्या खाती नाही. कारणाला एकच शब्द: निष्काळजीपणा. इराकात माणसं निष्काळजीपणानेच जळतात. वरून तसं ठरलेलं आहे.

त्या जानेवारीत हाजी मुतश्शरच्या टाकीवरून रेशनचं रॉकेल वाटलं गेलं आणि चार दिवसांत एकाच गल्लीतल्या पाच बायका एकदम निष्काळजी झाल्या. दाराजवळच्या खाटेवर उम्म रुसुल. दोन्ही हात आणि छाती पट्ट्यांत. तिच्या नणंदेने घरातला उरलेला कॅन आणून दिला. सिस्टर खुलूदने झाकण उघडून हुंगलं आणि तोंड फिरवलं.

“अर्धं पेट्रोल आहे मेल्यांचं. आणि गुरुवारी आणखी चार गल्ल्यांना वाटणार.”

वाटप थांबायला वहीत ‘भेसळ’ हा शब्द हवा होता, आणि त्याखाली इंधनखात्याची सही. मंगळवारी सही करायला खात्याचे साहेब, उस्ताद लुऐ, आले. वॉर्डाला लागूनच माझी खोली, तिथे बसले. दार उघडंच होतं.

“सिस्टर, बायका पेटत्या शेगडीत रॉकेल ओततात. त्याला खातं काय करणार?”

“वीस वर्षं शेगडी पेटवतेय, उस्ताद,” खाटेवरून उम्म रुसुल म्हणाली. “तेव्हा तुमची आई तुम्हाला काडेपेटीला हात लावू देत नव्हती.”

“बाई, तुम्ही आराम करा.”

“करतेच आहे. हात कुठायत दुसरं काही करायला?”

उस्तादांनी तळवे चोळले. “काय गारठा हा! शेगडी का बंद?”

“रॉकेल संपलंय,” मी म्हणालो.

खुलूद गेली, तोच कॅन घेऊन आली, शेगडीची टाकी भरली आणि काडेपेटी उस्तादांसमोर ठेवली. “घ्या. खात्याचंच आहे. उत्तम प्रतीचं.”

उस्तादांनी काडेपेटीकडे पाहिलं. मग ती माझ्याकडे सरकवली. “तुम्ही पेटवा.”

“मी निष्काळजी नाही, साहेब.”

उस्तादांची खुर्ची आवाज करत भिंतीपर्यंत मागे गेली. तिथूनच त्यांनी वही मागितली, पाचही नोंदींपुढे ‘निष्काळजीपणा’ लिहिलं, सही केली, शिक्का मारला. नमुना तपासणीला पाठवू, म्हणाले. अहवाल महिन्याने. कॅन न घेताच गेले.

उम्म रुसुलने नणंदेला फोन तोंडाशी धरायला लावला आणि बायकांच्या ग्रुपवर निरोप बोलून सोडला. “अगं बायांनो, ऐका! तेलाच्या साहेबाने स्वतःच्या तेलाला काडी लावली नाही. खुर्चीसकट पळाला!”

गुरुवारी चार गल्ल्यांतल्या बायका रिकामे कॅन आणि एकेक काडेपेटी घेऊन टाकीवर गेल्या. “हाजी, आधी तुम्ही पेटवून दाखवा.” हाजी मुतश्शरने टाकीला कुलूप लावलं आणि त्याच दुपारी त्याला करबलाच्या दर्शनाची ओढ लागली.

शुक्रवारी वॉर्डात नवीन नोंद नाही. शनिवारीही नाही.

रविवारी उम्म रुसुल गेली. निष्पत्तीत मी ‘मयत’ लिहिलं. कारणाच्या रकान्यात उस्तादांचं अक्षर होतं. सरकारी नोंद खोडणं गुन्हा आहे, म्हणून खोडली नाही. ‘निष्काळजीपणा’पुढे फक्त एवढंच लिहिलं: कोणाचा, ते खालच्या सहीवरून कळेल.