न उघडलेला डबा

मित्रांनो, मी एक जुना, पोचे आलेला स्टीलचा डबा आहे. मी जे सांगणार आहे ते फारसं गोड नाही, तरी ऐका.

कारखान्यात पत्र्याच्या चकतीवर दाब पडला आणि मी जन्मलो. झाकण बसवून पाहणारा कारागीर म्हणाला, "पालथा करा, थेंब गळणार नाही!" त्या एका वाक्याची घमेंड मला कितीतरी दिवस पुरली.

मला विकत घेतलं ते घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका माणसाने, साडेतीन वर्षांच्या लेकीसाठी. तिच्या तोंडाची टकळी दिवसभर चालू, म्हणून घरात तिचं नावच टकळी पडलं होतं. दोन महिन्यांनी ती बालवाडीत जाणार होती.

तिचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, जन्मभर शिवणकाम केलेले. दुपारी ते तिला स्वयंपाकघरात समोर बसवून बटणं लावायला, चपलेचा पट्टा ओढायला शिकवत.

"शू लागली तर काय म्हणायचं?"

"बाई, मला शूला जायचंय!" टकळी एवढ्याने ओरडायची की शेजारीण खिडकीतून म्हणायची, "अगं, मग जा की!"

टकळीच्या वडिलांची तयारी वेगळी होती. लहानपणी ते बोलताना अडखळत, आणि सगळा वर्ग त्यांना हसला होता. ते हसू अजून त्यांच्या कानात होतं. आपल्या लेकीला कुणी हसू नये म्हणून ते रोज संध्याकाळी तिला बजावत, "विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. बडबड केलीस तर बाई हाकलून देतील. मग आम्हीही घरात घेणार नाही."

"अहो, लेकराला असं घाबरवू नका," आजोबा म्हणाले. "आणि या डब्याचं झाकण फार घट्ट आहे. कानस मारून सैल करून देतो."

"नको. सवय होऊ दे तिला. शाळेत कोण सैल करून देणार आहे?"

मी मनातून खूश झालो. घट्टपणा हीच तर माझी शान होती!

पहिल्या दिवशी आईला कामावर जायची घाई. तिने गरम भात तसाच भरला आणि झाकण दाबलं. भात निवत गेला तसं झाकण आत ओढलं गेलं. मधल्या सुट्टीत टकळीने अंगठा लावला. मग दोन्ही अंगठे. मग दात. मी जागचा हललो नाही. मला हलताच येत नव्हतं. बाई दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या. "काही हवं असेल तर सांगा हं," त्या सगळ्यांना म्हणाल्या. टकळीने त्यांच्याकडे पाहिलं, ओठ घट्ट मिटले आणि मला दप्तरात ठेवून दिलं.

शाळा सुटल्यावर बाई वडिलांना म्हणाल्या, "किती शांत मुलगी! दिवसभर हूं की चूं नाही." वडिलांची छाती फुलली. घरी पोचल्यावर टकळी न्हाणीघराकडे धावली, पण दारापर्यंतच पोचली.

संध्याकाळी आईने मला उचललं. मी जडच होतो. "का गं, जेवली नाहीस?"

"उघडला नाही."

"मग बाईंना सांगायचंस ना!"

"बाबांनी सांगितलंय, बोलायचं नाही."

आजोबांनी कानस आणली आणि माझी कड घासली. मी सैल झालो. पण ती झाली नाही. शाळेत ती गप्प राहिली. हळूहळू घरीही गप्प झाली. प्रगतिपुस्तकात दरवर्षी 'शांत व शिस्तप्रिय' असा शेरा येई आणि वडील तो पाहुण्यांना वाचून दाखवत. टकळी हे नाव कधी बंद पडलं, ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

आता मी वडिलांच्या दुकानात आहे, माझ्यात बारीक स्क्रू असतात. ती कॉलेजात जाते. परवा ताप अंगावर काढून ती चक्कर येऊन पडली, तेव्हा वडील तिला रागावले, "अगं, एका शब्दाने सांगायचंस तरी!" ती त्यांच्याकडे नुसती बघत राहिली. त्यांनीच मान खाली घातली.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असं मी म्हणणार नाही. माझं काय, मी पत्रा. पण तुमच्या घरातलं धाकटं भावंड शाळेत निघालं असेल, तर त्याला अक्षरांआधी मागायला शिकवा. आणि ते मागेल तेव्हा हातातलं काम खाली ठेवा.