गाडी जड का चालतेय

ऑफिसात त्याला लिटरभाऊ म्हणत, आणि तो ते नाव मिरवायचा. हायब्रिड गाडी घेतल्यापासून त्याचं अर्धं लक्ष रस्त्यावर आणि अर्धं समोरच्या पडद्यावर असे. लिटरमागे किती किलोमीटर, हा आकडा चढला की स्वारी खूश. उतरला की घरात कोणी त्याच्या वाटेला जात नसे.

आज आकडा सकाळपासून उतरलेलाच होता.

पल्ला लांबचा होता, थेट ताईच्या शहरापर्यंत. शेजारी आई बसली होती. तिला त्याने सांगितलं होतं, चार दिवस लेकीकडे राहून ये. खरं तर आई आता कायमचीच ताईकडे राहणार होती. त्याचं, बायकोचं आणि ताईचं तसं फोनवर ठरून गेलं होतं. आईला सांगायचं काम मात्र त्याच्या गळ्यात पडलं होतं, आणि घर सुटल्यापासून त्याची जीभ काही रेटत नव्हती.

"आई, ऐक ना," त्याने सुरुवात केली. आईने मान वळवली. "एसी जरा कमी करतो. पेट्रोल खातो फार."

"कर की."

जमेल ते सगळं त्याने केलं. वेग एकसारखा ठेवला. उतारावर पाय काढून घेतला. पुढचा ट्रक लांबून दिसताच ब्रेक हळूहळू दाबला, म्हणजे तेवढीच बॅटरी भरते. गाडी निव्वळ बॅटरीवर चालू लागली की पडद्यावर हिरवा दिवा लागे, आणि आई लगेच सांगे, "लागला बघ हिरवा." आजवरच्या प्रत्येक प्रवासात हे काम तिचंच होतं.

"गाडी जड का चालतेय कळत नाही," तो पुटपुटला. "निघताना हवासुद्धा भरून आणली."

"असेल काहीतरी," आई म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

चहाला थांबल्यावर सांगू, असं त्याने ठरवलं. चहा पिऊन झाला. मग पुलापलीकडे सांगू. पूलही मागे गेला. एवढा मोठा बाप्या, दोन मुलांचा बाप, आणि आईपुढे त्याची दातखीळ बसली होती. त्याला स्वतःची लाज वाटत होती, आणि तरी चढावर पाय किती दाबावा याचाच विचार तो करत होता.

ताईच्या इमारतीखाली गाडी थांबली. इतकं वाईट अ‍ॅव्हरेज या गाडीने कधी दिलं नव्हतं. तोंड वाकडं करत तो उतरला, आईची पिशवी काढायला डिकी उघडली, आणि त्याचा हात तसाच राहिला.

पिशवीमागे, जुन्या चादरीखाली, आईचं लोखंडी शिलाई मशीन होतं. त्याला लागून तिच्या कपड्यांची ट्रंक, स्वेटरांचं गाठोडं आणि भिंतीवरून उतरवलेला बाबांचा फोटो.

"हे कधी ठेवलंस?"

"तू हवा भरून येऊन आंघोळीला गेलास ना, तेव्हा. किल्ली टेबलावरच होती. पिशवीबरोबर हेही वॉचमनने उचलून दिलं."

"अगं, पण चार दिवसांसाठी..."

"मला ऐकू कमी येतं असं तुम्हालाच वाटतं," आई म्हणाली. "फोनवर किती मोठ्यांदा बोलता रे."

ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने फक्त चादर ओढून घेतली आणि तिची घडी घालू लागली.

"वाटेत मीच विषय काढणार होते. मग म्हटलं, तू काहीतरी सांगतोयस, तर आधी तू बोल." तिने घडी त्याच्या हातात दिली. "माझ्या सामानाने तुझं अ‍ॅव्हरेज गेलं. परतताना चांगलं पडेल बघ. गाडी हलकी असेल."