बाईची साखर

सकाळी डोळे उघडले की रुखमाला पहिली आठवण यायची ती जावेच्या साखरेची. आज बाईची किती असेल?

कोरपन्याजवळच्या त्या गावात दोघी जावांची घरं एकाच अंगणात समोरासमोर होती. मोठी अंजनाबाई विधवा; तिला घरात सगळे बाईच म्हणायचे. तिचा मुलगा कुलदीप नागपूरला औषधाच्या दुकानात कामाला, त्यामुळे घरात ती एकटीच. समोरच्या दोन खोल्यांत रुखमा आणि तिचा नवरा गुणवंत. दोघींना मधुमेह निघाला तोही एकाच शिबिरात, एकाच दिवशी. त्या दिवशी गुणवंतचा चेहरा उतरला होता, पण रुखमाला आतून थोडं बरं वाटलं होतं. लग्न होऊन आल्यापासून बाईचा स्वयंपाक चांगला, बाईचं बोलणं चांगलं, बाईचा मुलगा शिकलेला. एका गोष्टीत तरी दोघी सारख्या झाल्या होत्या.

मग लॉकडाऊन लागला. एसटी बंद, आठवडी बाजार बंद, चंद्रपूरच्या डॉक्टरकडे जायचं तर नाक्यावर पोलीस. गोळ्या तेवढ्या आशाताई रिना घरी आणून द्यायची. साखर तपासायचं यंत्र अख्ख्या गावात एकच होतं, आणि ते अंजनाबाईकडे. कुलदीपनं लॉकडाऊनच्या आधी आणून दिलेलं. त्याच्या पट्ट्या मोजक्याच, म्हणून आठवड्यातून दोनदाच तपासायचं असं ठरलं. त्या दिवशी उपाशीपोटी रुखमानं अंगण ओलांडून जायचं, बाईसमोर बोट धरायचं आणि बाईनं सुई टोचायची. टोचण्याचं दुखणं काहीच नव्हतं. दुखायचं ते पुढचं.

"माही एकशे तीस," अंजनाबाई अंगणभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची. "रुखमा, तुयी दोनशेच्या वर गेली व."

गुणवंत ओसरीवर दात घासत ऐकत असायचा.

"बाईची पाह्य, कशी उतरून राह्यली," तो घरात आल्यावर म्हणायचा. "तिले तर सांगणारं कोणी नाई. तू चोरून खात असशील काहीतरी."

"काय चोरून खाऊ? हाये का घरात काही?"

घरात राशनचा तांदूळ होता. ज्वारी संपली होती, बाजार बंद, म्हणून सकाळ-संध्याकाळ भातच शिजायचा. अंजनाबाईच्या कोठीत मात्र ज्वारी होती. मागितली असती तर तिनं लगेच दिली असती, आणि म्हणूनच रुखमाला ती मागायची नव्हती. समोरच्या चुलीवरून भाकरीचा वास आला की ती आपलं दार ओढून घ्यायची. संध्याकाळी अंजनाबाई तोंडाला पदर बांधून अंगणात फेऱ्या मारायची. ती आत गेल्याशिवाय रुखमा बाहेर पडायची नाही. बाईचं पाहून करते असं कोणी म्हणायला नको.

एकदा फोनवर कुलदीप काकाला म्हणाला, "काका, आईचे आकडे पाहून आमच्या दुकानात येणारे डॉक्टरसुद्धा खूश झाले." गुणवंतनं ते जेवताना दोनदा सांगितलं. रुखमा ताटावरून उठली. पुढच्या तपासणीला बाईच्या खाली यायचंच, मग काहीही होवो, असं तिनं मनाशी ठरवलं.

तपासणीच्या आदल्या दिवशी तिनं सकाळी चहा घेतला नाही. दुपारी भात गुणवंतला वाढला आणि आपण जेवलो असं सांगितलं. गोळी एक घ्यायची होती, तिनं दोन घेतल्या. संध्याकाळी पुन्हा दोन. भूक लागली तेव्हा पाणी प्यायली. पोट आतून ओढल्यासारखं होत होतं, पण तिला त्याचा आनंदच वाटत होता.

सकाळी अंगण ओलांडताना तिचे पाय कापत होते. पाठ घामानं भिजली होती. अंजनाबाईनं तिच्याकडं पाहिलं.

"काय झालं व तुले? ताप हाये का? खोकला?"

"काही नाई. टोच लवकर."

त्या दिवसांत तापाचं नाव निघालं तरी माणसं दूर सरकायची. अंजनाबाई सरकली नाही. तिनं ते थरथरणारं बोट घट्ट धरलं आणि सुई टोचली. यंत्रावर आकडा उमटला. बावन्न.

रुखमा हसली. ओठ सुन्न झाले होते, डोळ्यांपुढं अंगण हलत होतं, तरी ती हसली. "पाह्य... तुयापेक्षा कमी आली."

"अवं येडे, हे कमी नाई, हे मरण हाये! भाऊजी, धावा!"

अंजनाबाईनं आतून गुळाचा खडा आणला. रुखमानं तोंड फिरवलं. "नाई खात. मंग वाढते."

"खाय म्हणतो ना!" अंजनाबाईनं तिचं डोकं आपल्या छातीशी धरलं आणि गूळ तिच्या ओठांत कोंबला. गुणवंत धावत येऊन नुसता उभा होता. अंजनाबाईनंच त्याला रिनाला फोन लावायला सांगितलं. रिनानं विचारलं, गोळ्या किती घेतल्या? शुद्धीवर आहे ना? रुखमानं चार बोटं दाखवली, तेव्हा रिना म्हणाली, गुळाचं पाणी घोट घोट पाजा, मग पोटभर जेवण द्या. गोळीचा असर दिवसभर राहील, तेव्हा पुन्हा पुन्हा तपासत राहा. शुद्ध हरपली तर थांबू नका, गाडी पाठवते.

अंजनाबाईनं दिवसभर तिला आपल्या खाटेवरून उठू दिलं नाही. थोड्या थोड्या वेळानं बोट टोचत होती, भाकर-दूध भरवत होती. संध्याकाळपर्यंत आकडा ठिकाणावर आला, आणि पट्ट्यांचा डबा रिकामा झाला.

"चार गोळ्या काऊन घेतल्या व?" तिनं हळूच विचारलं.

रुखमा भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "घरात तो रोज तुयीच साखर सांगते मले."

अंजनाबाईनं पट्ट्यांचा रिकामा डबा मिटला. मग म्हणाली, "तुले बोलायले तरी कोणी हाये. मी आकडा एवढ्या जोरानं काऊन सांगतो, माहीत हाये? घरात ऐकणारं कोणी नाई म्हणून."

रुखमाला हे नको होतं. बाईचा राग करणं सोपं होतं. बाईची कीव करायची म्हणजे आणखी एक ओझं. पण घरी जाताना अंजनाबाईनं ज्वारीनं भरलेला डबा हातात दिला, तेव्हा तिनं तो नाकारला नाही.

पुढं बरेच दिवस दोघींनाही आपली साखर कळली नाही. रुखमा भाकरी खाऊ लागली, गोळी एकच घेऊ लागली. कुलदीपनं एका औषधाच्या गाडीतून पट्ट्या पाठवल्या, तेव्हा दोघी पुन्हा बाईच्या ओसरीवर बसल्या. रुखमाची एकशे साठ आली. अंजनाबाईची एकशे पंचवीस.

गुणवंत म्हणाला, "बाईची तर..."

"भाऊजी, तुमी दात घासा," अंजनाबाई म्हणाली.

तो गुमान मोरीकडं गेला. रुखमानं बोट दाबून धरलं. आपल्या नवऱ्याला आपण इतक्या वर्षांत एकदाही असं गप्प करू शकलो नाही, हे तिच्या मनात आलं, आणि तिला बाईचा पुन्हा राग आला. पण तिचा पाय लगेच घराकडं वळला नाही. चुलीवर चहा उकळत होता, बिनसाखरेचा, आणि बाई दोन कप काढत होती.