कडेची खुर्ची

"अहो बाई, आणखी मागे सरकू नका, भिंत आहे," मोठ्या बाई म्हणाल्या.

"ठाऊक आहे. भिंतीलाच टेकायचंय मला."

फोटोवाल्या बाईंनी ट्रायपॉडचा मागचा पाय कोपऱ्यात रोवला, पाठ भिंतीला लावली आणि मान खाली घालून कॅमेऱ्याच्या वरच्या काचेत पाहिलं.

टेलिफोन एक्स्चेंजची ती खोली बोळासारखी लांब आणि चिंचोळी होती. डाव्या भिंतीला ओळीनं अकरा बोर्ड, प्रत्येक बोर्डापुढे उंच खुर्ची, खुर्चीवर कानाला हेडफोन लावलेली ऑपरेटर. बारा वाजता हे बोर्ड कायमचे बंद व्हायचे होते. पलीकडच्या इमारतीत नवं यंत्र बसलं होतं, त्याला बायका लागत नव्हत्या. मुख्य कचेरीला आठवण म्हणून एक फोटो हवा होता. सगळे बोर्ड, सगळ्या जणी, एकाच चौकटीत. आधी दोन फोटोग्राफर येऊन गेले आणि खोली मावत नाही, दोन तुकड्यांत काढू, असं सांगून परतले. मग कुणीतरी ह्या बाईंचं नाव सुचवलं.

जन्मभर त्यांनी असलीच कामं केली होती. बॉयलरच्या खोल्या, ऑपरेशन थिएटरं, बँकांची तळघरं. जिथं मागे सरकायला जागा नाही तिथं लोक त्यांना बोलावत. त्यांच्याकडे जुना मिडियम फॉरमॅट कॅमेरा होता, बारा फोटोंचा रोल लागणारा, आणि त्याला लावायची वाइड अँगल लेन्स. ती लेन्स अख्खी खोली पोटात घ्यायची. तिचा एकच वाईट गुण: जो अगदी कडेला, जवळ बसेल त्याचा चेहरा रबरासारखा ताणून ठेवायची.

आणि अगदी कडेला, पहिल्या खुर्चीवर, ताई बसली होती. त्यांची सख्खी थोरली बहीण. दोघी सहा वर्षं एकमेकींशी बोलल्या नव्हत्या.

हे काम नाकारता आलं असतं. दोन दिवस बाईंनी तोच विचार केला होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी लेन्स पुसायला काढली.

"मोठ्या बाई," त्या काचेवरून नजर न काढता म्हणाल्या, "पहिल्या खुर्चीवरच्यांना जरा आत सरकायला सांगता?"

मोठ्या बाई तिथल्या सुपरवायझर. त्यांनी आधी फोटोवाल्या बाईंकडे पाहिलं, मग ताईकडे. "ऐकलंत ना? जरा आत सरका म्हणतायत."

"त्यांना म्हणावं, एकतीस वर्षं मी ह्याच जागेवर बसलेय. आज शेवटच्या दिवशी हलणार नाही."

"त्या म्हणतायत..."

"ऐकलं मी."

"मग मला मध्ये कशाला घेता?" मोठ्या बाई वैतागल्या. "इथं कॉल जोडणाऱ्या अकरा जणी आहेत, त्यात मी नाही."

तीन-चार जणी तोंडावर पदर धरून हसल्या. ताई हसली नाही. तिच्या बोर्डावर दिवा लागला, ती वळली, दोरीची पिन भोकात खुपसली, "नंबर?" म्हणाली, कॉल जोडला आणि पुन्हा कॅमेऱ्याकडे तोंड करून बसली. सकाळपासून असंच चाललं होतं. ज्या बाईचा दिवा लागे ती वळे, बाकीच्या थांबत.

बाईंनी प्रकाश मोजला. एक सेकंद शटर उघडं ठेवावं लागणार होतं. त्यांनी पहिले आठ फोटो तसेच काढले. दर वेळी कडेला तो चेहरा, ताणलेला, ओठ घट्ट मिटलेले. आठव्यानंतर त्यांनी हातातली शटरची वायर सोडली आणि त्या कॅमेऱ्यामागून पुढे आल्या.

"ताई."

खोलीतल्या दहा जणी एकदम कामाला लागल्या. ज्यांचा दिवा लागलेला नव्हता त्यांनीसुद्धा पिना हातात घेतल्या. ऐकून न ऐकल्यासारखं करणं हा त्यांच्या नोकरीचाच भाग होता.

"तुझा चेहरा वाकडा येतोय," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "मला तो तसा छापायचा नाहीये."

"येऊ दे. चांगला येऊन कुठं दाखवायचाय?"

"ताई, मला त्या दिवशी रिंग ऐकू आली होती."

ताईनं मान वर केली.

सहा वर्षांपूर्वी आई हॉस्पिटलात होती. ताई ड्यूटीवर, ह्याच खुर्चीवर. वॉर्डातून नर्सचा फोन आला, पेशंट धाकट्या मुलीशी बोलायचं म्हणतेय. ताईनं धाकटीच्या घरची लाइन जोडली. धाकटी तेव्हा डार्करूममध्ये होती. गडद अंधारात एका कारखान्याच्या भट्टीची फिल्म ती डब्यातल्या चक्रावर चढवत होती. दार उघडलं असतं तर उजेड लागून फिल्म गेली असती. फोन वाजत राहिला आणि थांबला. संध्याकाळ व्हायच्या आत आई गेली. नंतर ताईनं विचारलं तेव्हा धाकटी म्हणाली, नळ चालू होता, ऐकूच आलं नाही.

"नळ बंद होता," आता ती म्हणाली. "प्रत्येक रिंग ऐकली मी. म्हटलं, एवढी फिल्म चढवते आणि उचलते. तुला खोटं सांगितलं."

"ते मला त्याच दिवशी कळलं होतं." ताईचा आवाज बोर्डावरच्यासारखाच सपाट होता. "फोन तुझ्या डार्करूमच्या दाराशी. कान गेलेत का तुझे? तू उचलला नाहीस ह्याचं मला एवढं वाटलं नाही गं. माणूस असतो कामात. पण माझ्या तोंडावर खोटं बोललीस."

"हो."

"आणि मी तरी कुठं होते आईजवळ? इथंच होते. माझ्या जागी बसणारी यायची होती पाच वाजता. उठून गेले असते तर कुणी फाशी दिली नसती मला."

एवढं बोलून तिनं कानावरचा हेडफोन खाली काढून मांडीवर ठेवला. मोठ्या बाई काही बोलणार होत्या, पण त्यांनी स्वतःच ताईच्या बोर्डाशी जाऊन लागलेल्या दिव्याचा कॉल घेतला.

"एक गोष्ट मीही तुला सांगितली नाही," ताई म्हणाली. "राहून गेली असं नाही. मुद्दाम सांगितली नाही. लाइन जोडलेली होती ना, नर्सनं रिसीव्हर आईच्या कानाशी धरला होता, मला तिचं सगळं ऐकू येत होतं. पाच-सहा रिंग झाल्यावर मी म्हटलं, आई, उचलत नाही ती, काढते लाइन. तर म्हणाली, राहू दे, कामात असेल. थोडा वेळ वाजू दे. तिच्याच घरात वाजतोय ना? मी ऐकत पडते."

धाकटीनं शेजारच्या खुर्चीची पाठ धरली.

"खूप वेळ वाजू दिला मी. मग नर्सनं सांगितलं, झोप लागली." ताईनं पदरानं नाक पुसलं. "हे तुला आधी सांगितलं असतं तर तुला बरं वाटलं असतं. म्हणूनच नाही सांगितलं."

भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा झाले होते.

"किती आत सरकू?" ताईनं विचारलं.

"दोन वीत."

ताईनं स्वतःच खुर्ची ओढली. लाकडाचा कर्कश आवाज झाला. धाकटी कॅमेऱ्यामागे गेली. त्या काचेत डावं उजवीकडे दिसतं, हे तीस वर्षं तिच्या अंगवळणी पडलेलं. तरी ताई आत सरकली आणि काचेत भलत्याच बाजूला गेली तेव्हा क्षणभर तिचा गोंधळ उडाला. मग चेहरा जागेवर आला. थकलेला, डोळे लाल, पण ताईचाच.

"हलू नका कुणी. श्वास धरा."

चार फोटो झाले आणि रोल संपला.

कॅमेरा पेटीत गेला तरी बाई निघाल्या नाहीत. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून त्या बारा वाजेपर्यंत पाहत राहिल्या. ताईनं त्या अर्ध्या तासात तेवीस कॉल जोडले. शेवटचा कुणा म्हाताऱ्याचा होता. चुकीचा नंबर सांगून तो तिलाच ओरडला, तिनं बरोबर नंबर शोधून दिला. बारा वाजता मोठ्या बाईंनी मुख्य बटण खाली ओढलं. बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. ताईनं आपली दोरी नीट गुंडाळून ठेवली, बोर्ड फडक्यानं पुसला आणि चपला घातल्या.

दाराशी धाकटी पेटी उचलत होती. लोखंडी, दोन बाजूंना दोन कड्या असलेली.

"एकटीनं उचलतेस होय हे धूड? कंबर मोडून घे. सोड ती कडी."

जिना अरुंद होता, दोघी शेजारी मावत नव्हत्या. ताई पुढे झाली, पण पेटी धरायची तर तिला उलटं उतरावं लागणार होतं. तिनं पाठ जिन्याकडे केली आणि एक पाय मागे चाचपला.

"मला दिसत नाही खालचं. तू सांगत राहा."

"सांगते. एक पायरी. अजून एक. इथं वळण आहे, डावा पाय सांभाळ. हं. अजून एक."